वरकस रानात खड्डे मारण्याआधी खुंट मोजा

कोकणातल्या पडीक वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर पुन्हा रान उभं करायचं असेल, तर नर्सरीत जायची घाई करू नका. पहिल्या पावसानंतर हातात चुन्याची पिशवी घेऊन रानात फिरा. गवतात गुडघाभर वाढलेले जे झुडपासारखे ठोंब दिसतात, ते बरेचदा ऐन, किंजळ, जांभूळ यांचे जुने तोडलेले खुंट असतात. वर झाड नसलं तरी खाली मुळं जिवंत आहेत. प्रत्येकाजवळ चुन्याची खूण करा.

एका खुंटाला आठ-दहा धुमारे फुटतात. त्यातले सरळ, जोमदार दोन ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने बुडाशी छाटा. जुन्या मुळांच्या जोरावर हे फुटवे नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतात, पाणीही घालावं लागत नाही. मोकळ्या जागी मात्र हिरडा, बेहडा, कुंभा लावा. ऑस्ट्रेलियन बाभूळ नकोच; ती लवकर वाढते, पण तिच्याखाली आपलं रान येत नाही.

खरा शत्रू वणवा. दिवाळीनंतर गवत वाळलं की हद्दीवर दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करा आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण आग बहुधा बांधापलीकडूनच येते. झाडं हवेतला कार्बन लाकडात साठवतात; वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बनच असतो. वणव्यात जेवढं जळतं, त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. आणि हो, नांगर घालू नका. नांगरटीने मातीतला कार्बनही हवेत जातो; तो तसाच राहू द्या.