जवळीक तुटली असेल तर समुपदेशकाकडे कसं जावं

सोळा वर्षांच्या संसारातलं दीड वर्ष मी हॉलमध्ये झोपलो. भांडण झालं नव्हतं. नाशिकला अंबडच्या कंपनीत माझ्या तिन्ही शिफ्ट असतात. सिडकोतल्या आमच्या छोट्या घरात आत बायको आणि मुलगी, बाहेर आई. रात्रपाळीच्या आठवड्यात "तुझी झोपमोड नको" म्हणून मी बाहेर गादी टाकली आणि पाळी बदलली तरी ती तिथेच राहिली. खरं कारण वेगळं होतं. डायबेटीस निघाल्यापासून शरीर साथ देत नव्हतं आणि ते बायकोला सांगायची माझी हिंमत नव्हती. हे दीड वर्ष वाचवता आलं असतं, म्हणून लिहितोय.

विषय अंथरुणावर काढू नका, नुकताच नकार मिळालेला असताना तर नाहीच. मी तिला पावसाळ्यात सोमेश्वरला घेऊन गेलो. गोदावरी भरून वाहत होती, हातात भाजलेली कणसं होती आणि दोघंही पाण्याकडे बघत होतो. नजरेला नजर नसली की बोलणं सोपं जातं. "तू बदललीस" अशी सुरुवात केलीत तर समोरचं माणूस लगेच स्वतःला सावरायला लागतं. आपल्यापासून सुरू करा. मी एवढंच म्हणालो, "मला जमत नाहीये, आणि मला त्याची भीती वाटते." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, एवढं मनात ठेवलंत? मी मेली इकडे रोज आरशात बघून रडत होते."

तरी समुपदेशकाकडे यायला ती तयार नव्हती. कोणी ओळखीचं दिसलं तर, ही धास्ती. तेव्हा पहिल्यांदा मी एकटाच गेलो. जोडीदार नाही म्हणाला तर तुम्हीही एकटे जा, आणि आल्यावर तिथे काय बोलणं झालं ते सांगा. आम्ही मुद्दाम आमच्या भागापासून लांब, गंगापूर रोडच्या बाजूचं ठिकाण निवडलं. दुसऱ्या भेटीला ती "दारापर्यंत येते" म्हणाली आणि आत आली.

त्याआधी किंवा त्यासोबतच तपासण्या करून घ्या: साखर, रक्तदाब, थायरॉइड. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसांना इजा होते, त्यामुळे ताठरता कमी होऊ शकते. हीच तक्रार कधी हृदयविकाराची आगाऊ खूण असते, त्यामुळे ती डॉक्टरांपासून लपवू नका. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बदलून मागायची. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना किंवा पाळी जाताना बायकांना कोरडेपणा येतो, दुखतं. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत, तिने सोसत राहायची गरज नाही.

भिंतीवरच्या 'खात्रीशीर इलाज' जाहिरातींवर जाऊ नका. मी तीन महिने तसली चूर्णं घेतली, पैसे गेले आणि वेळही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधा. पाटीवर नुसतं 'समुपदेशक' असेल तर शिक्षण, जोडप्यांसोबतचा अनुभव आणि फी फोनवरच विचारा. कुठे जावं तेच कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल तर मात्र जोडीने समुपदेशन ही पहिली पायरी नाही. बाईने आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागावी.

आत गेल्यावर फक्त बोलायचं असतं. कपडे काढायला किंवा स्पर्श करायला सांगितलं तर उठून निघून या. आमच्या समुपदेशक बाईंनी आधी विचारलं की शेवटचं दोघं मिळून कधी हसलात. मग दोघांशी वेगवेगळं बोलल्या.

त्यांनी दिलेला घरचा अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आहे. काही आठवडे संभोग पूर्ण बंद. आळीपाळीने एकमेकांना नुसता स्पर्श करायचा, सुरुवातीला छाती आणि गुप्तांग टाळून. हाताला काय जाणवतं, ऊब, खरखर, तिकडे लक्ष ठेवायचं. नको वाटलं तर सांगायचं. 'जमेल का' हा प्रश्नच उरत नाही, म्हणून भीती ओसरते. रविवारी आई पंचवटीत कीर्तनाला आणि मुलगी क्लासला गेली की आम्ही कडी लावायचो, वीस मिनिटं. पहिल्या रविवारी तिने फक्त माझे तळहात घेतले. मशीनवर काम करून त्यांना घट्टे पडलेत. तिने खोबरेल तेल लावलं आणि एकेका घट्ट्यावरून अंगठा फिरवला. सोळा वर्षांत ते तिने पहिल्यांदा नीट पाहिले होते.

आम्हाला आठ भेटी लागल्या. मधुमेह आहेच, गोळ्या चालू आहेत. काही रात्री जमत नाही, आणि ते मी आता तिला सांगतो.