माशांची पिल्लं मोठ्या माशांपासून कशी वाचवायची

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. टाकीत नर मादी एकत्र असले की तुम्ही काही न करता पिल्लं होणारच, अहो दुकानातून एकटी मादी आणली तरी होतात, कारण ती नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढचे काही महिने साधारण महिन्याच्या अंतराने पिल्लं देत राहते. पिल्लू असतं जेमतेम ६-८ मिलिमीटरचं, आणि टाकीतल्या बाकीच्यांना ते खाणंच वाटतं. सख्खी आईसुद्धा खाते. तिच्यावर चिडू नका, समोर काही हललं की तोंड उघडायचं एवढंच तिला माहीत.

पिल्लं दिसली की लोक ब्रीडर बॉक्स, म्हणजे मादी आणि पिल्लं वेगळी ठेवायला टाकीतच लावायची छोटी पेटी, आणायला धावतात. बॉक्स कामाचा आहे, पण माझ्या मते पहिला मान झाडांचा, आणि झाडं पिल्लं व्हायच्या आधी टाकीत पाहिजेत.

१. लपायला जागा करा

नवीन पिल्लू बाहेर येतं तेव्हा गोळा झालेलं असतं, खाली तळाला जातं, काही वेळ तिथेच पडून राहतं आणि मग एकदम झटका मारून वर सुटतं. म्हणजे त्याला आडोसा तळाला पण लागतो आणि वरती पण. तळासाठी जावा मॉसचे गुच्छ, वरती तरंगणारं हॉर्नवर्ट, गप्पी ग्रास किंवा वॉटर स्प्राइट. दोन चार शोभेच्या काड्यांनी काही होत नाही, गुच्छ इतका दाट हवा की मोठा मासा तोंड खुपसेल पण अंग आत घालता येणार नाही. खरी झाडं टिकत नसतील तर अ‍ॅक्रिलिक लोकरीचे धागे स्वच्छ धुवून जुडी बांधा आणि वरून लोंबत सोडा, दिसायला भारी नाही पण काम चोख करते.

अशा टाकीत सगळी पिल्लं वाचत नाहीत पण काही नक्की वाचतात. आणि खरं सांगायचं तर एक गप्पी एका वेळेला २०-५० पिल्लं देते, ती सगळी वाचवून ठेवणार कुठे हा पण विचार करा.

२. फिल्टरचं तोंड झाका

हे बहुतेक जण विसरतात. पिल्लं मोठ्यांच्या तोंडातून वाचतात आणि हँग ऑन (टाकीच्या काठाला टांगायचा) किंवा पॉवर फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या पाइपमध्ये ओढली जातात, मग वाटतं माशांनीच खाल्ली. पाइपच्या तोंडावर जाड स्पंज बसवा, तो नीट घट्ट बसलाय ना ते बघा आणि आठवड्याला टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. पिल्लांची टाकी वेगळी असेल तर तिथे एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टरच लावा, हवा कमी ठेवून. एक फायदा असा की स्पंजवर जो बारीक थर जमतो तो पिल्लं दिवसभर टिपत बसतात.

३. ब्रीडर बॉक्स वापरायचा तर असा

मादीचं पोट खालून चौकोनी दिसायला लागलं, शेपटीकडचा काळा डाग गडद आणि मोठा झाला आणि ती खाणं सोडून कोपरा धरायला लागली की मगच तिला बॉक्समध्ये घ्यायचं. आठवडाभर आधी कोंडून ठेवलं तर ती घाबरते, भिंतीवर आपटत राहते, कधी अपुऱ्या दिवसांची पिल्लं पण टाकते. पिल्लं देऊन झाली, पोट बसलं, की तिला लगेच बाहेर काढा.

जाळीचा बॉक्स असेल तर पाणी छान फिरतं, पण बाहेरचे मासे जाळीला तोंड लावून पिल्लांच्या शेपट्या ओढतात, म्हणून आत मॉसचा गोळा टाका म्हणजे पिल्लं मध्यभागी राहतात. प्लास्टिकच्या बॉक्समध्ये ओढाताण होत नाही पण पाणी साचून राहतं, त्यामुळे उरलेलं खाणं रोज ड्रॉपरने काढावंच लागतं. दोन्हीतला कुठलाही असो, तिथे पिल्लं महिनोन्महिने ठेवू नका, जागा कमी पडून वाढ खुंटते.

जागा असेल तर २०-४० लिटरची वेगळी टाकी सगळ्यात बरी. पाणी मोठ्या टाकीतलंच भरा, तापमान २५-२७ डिग्री, आणि फिल्टरचा स्पंज आधी दोन तीन आठवडे मोठ्या टाकीत चालवून मग इकडे आणा, नाहीतर कोऱ्या टाकीत अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) वाढतो आणि सुरक्षित ठेवलेली पिल्लं तिथेच मरतात. पिल्लं पकडायला जाळी नको, कप पाण्यात आडवा करून पाण्यासकट उचला.

४. खाणं आणि पाणी

दिवसातून ३-४ वेळा, अगदी चिमूटभर. रोजचं फ्लेक बोटांनी चुरून पीठ करा, चालतं. पण आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) ताजी पिल्लं दिलीत तर वाढीत फरक दिसतो. एक लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेलं), त्यात आर्टेमियाची अंडी, खालून हवा, पाणी २६-२८ डिग्री, साधारण २४-३६ तासांत फुटतात. रिकामी टरफलं वर तरंगतात ती घेऊ नका, खालचा केशरी भाग गाळा, साध्या पाण्यातून धुवा आणि द्या. पाच दहा मिनिटांनी बघा, पिल्लांचं पारदर्शक पोट केशरी झालेलं दिसतं, मग समजायचं सगळ्यांना मिळालं. उकडलेल्या अंड्याचा बलक पण देतात लोक, पण पाणी इतकं पटकन नासतं की मी तरी सुचवणार नाही.

दिवसाआड १५-२० टक्के पाणी बदला, एअर पंपच्या बारीक नळीने, आणि काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतात.

५. अंडी घालणारे मासे असतील तर

इथे गणित वेगळं. झेब्रा डॅनियो, टेट्रा, बार्ब हे अंडी विखुरतात आणि मागे वळून स्वतःच खातात, म्हणून तळाला गोट्यांचा थर किंवा जाळी टाका, अंडी फटीत पडतात, आणि अंडी टाकून झाली की आईबाप दोघांना काढा. फायटर (बेटा) माशांमध्ये उलटं, तिथे अंडी झाल्यावर मादीला काढायचं कारण नर तिला मारतो, बुडबुड्यांचं घरटं नर सांभाळतो आणि पिल्लं आडवी मोकळी पोहायला लागली की मग त्याला पण काढायचं. कॉन्व्हिक्ट सिक्लिडसारखे मासे जोडीने पिल्लं राखतात, त्यांना शक्यतो त्रास देऊ नका, तिथे बाकीचे मासे हलवा.

६. मोठ्या टाकीत कधी सोडायचं

तारीख बघू नका, टाकीतल्या सगळ्यात मोठ्या माशाचं तोंड बघा. पिल्लू त्यात मावत नसेल तर सोडा. टाकीत गप्पी, प्लॅटीच असतील तर दीड दोन सेंटिमीटर पुरे, म्हणजे साधारण ६-८ आठवडे, मोठ्या तोंडाचे एंजल मासे असतील तर अजून थांबा. त्याआधी, गप्पी महिन्याभराचे झाले की नर ओळखू यायला लागतात, पोटाखालचा पर टोकदार काडीसारखा होतो, ते लगेच वेगळे करा नाहीतर पुढची पिढी तिथेच सुरू. सोडायच्या आधी मोठ्यांना पोटभर खायला घाला, लाइट बंद करा आणि सगळी पिल्लं एकदमच सोडा, एकेक सोडलं तर सगळे त्याच्याच मागे लागतात. जास्तीची झाली तर ओळखीच्या पाळणाऱ्यांना किंवा दुकानात द्या, तळ्यात नाल्यात अजिबात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो.