आपले लेखन, आपले चित्र लोकांसमोर ठेवताना या चुका टाळा

नव्याने लिहिणाऱ्यांच्या आणि चित्रे काढणाऱ्यांच्या कलाकृती प्रसिद्ध होण्यापूर्वी वाचून किंवा पाहून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करते. "धीर होत नाही" हे वाक्य मला जितके ऐकावे लागते तितके दुसरे कोणतेही नाही, आणि खरे सांगायचे तर आता मी त्याला फारशी दाद देत नाही. असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी आपले लेखन कोणी वाचावे, ते कोणत्या नावाने प्रसिद्ध व्हावे, त्यात ज्यांचा उल्लेख आहे त्यांना आधी काय सांगावे, यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय घेतलेला नसतो. हे सगळे अधांतरी ठेवून बटण दाबायला गेले की हात कचरणारच.

मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे आरंभीची माफी. "सहज सुचले म्हणून लिहिले", "मी काही कवी नाही", "पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या". लिहिणाऱ्याला वाटते की यामुळे टीकेची धार बोथट होईल. प्रत्यक्षात वाचक त्याला आधी भेटलेल्या वाक्यालाच उत्तर देऊन मोकळा होतो. एका कवयित्रीने आजीच्या पश्चात तिच्या चष्म्यावर कविता लिहिली होती. काचेवर आजीच्या अंगठ्याचा ठसा राहिला आहे आणि नात हातात फडके घेऊन, तो पुसावा की नाही या विचारात बसली आहे, एवढीच ती कविता. तीत एक शब्द इकडचा तिकडे करावा असे मला वाटले नाही. प्रसिद्ध करताना मात्र तिने वर चार ओळींची माफी जोडली. मग प्रतिसाद आले ते असे: "असे का म्हणता, छान आहे", "प्रयत्न सोडू नका", "लिहीत राहा". चष्म्याबद्दल किंवा त्या ठशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कविताच फसली असा तिने अर्थ लावला आणि पुढे कित्येक महिने काहीही बाहेर काढले नाही. अखेरीस माझ्या आग्रहावरून तीच कविता तिने केवळ शीर्षकासह दुसरीकडे दिली. प्रतिसाद संख्येने पहिल्यापेक्षा कमी आले, परंतु एका अनोळखी वाचकाने लिहिले की त्याच्या वडिलांचा वस्तरा अजून खणात आहे, त्याच्या पात्याला दोन केस चिकटलेले आहेत आणि तो धुण्याचे धाडस त्याला होत नाही. कवितेला मिळालेले उत्तर ते हे.

माफी लिहावीशी वाटलीच तर ती मी वहीत लिहायला लावते आणि तिचे एखाद्या नेमक्या प्रश्नात रूपांतर करून घेते. "चांगले जमले नसेल" या वाक्याखाली बहुधा "दुसरे कडवे लांबले आहे का?" असा साधा प्रश्न दडलेला असतो. तो विश्वासातल्या दोन वाचकांना खासगीत विचारावा. जाहीर ठिकाणी शीर्षक आणि कलाकृती पुरेशी आहे.

धीर न होण्यामागे सगळे आपल्याकडेच पाहत आहेत ही समजूत मोठ्या प्रमाणात असते. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट चढवून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी आपल्या टी-शर्टवरचे चित्र ओळखले असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे पावच निघाले. मात्र याच्या आधारे "कोणी पाहतच नाही, बिनधास्त टाका" असा सल्ला देणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण जे पाव लोक लक्ष देऊन पाहतात त्यांत बरेचदा आपल्या घरचे असतात.

येथून माझ्या दुसऱ्या तक्रारीकडे वळते. जखम ओली असताना जवळच्या माणसांविषयी लिहायचे आणि त्याच रात्री ते प्रसिद्ध करायचे, ही घाई नव्यांमध्ये फार आहे. एका तरुणाने थोरल्या भावाच्या बुडालेल्या धंद्यावर आणि त्यातून घरात झालेल्या भांडणांवर ललित लेख लिहिला. नावे बदलली होती, गावही बदलले होते. परंतु खोटे बोलण्यापूर्वी दोनदा खाकरण्याची आणि बोलता बोलता घड्याळाचा पट्टा सैल करण्याची भावाची लकब जशीच्या तशी उतरली होती, आणि लेखाचा सगळा जीव त्या लकबीतच होता. संध्याकाळपर्यंत भावाच्या सासरी तो लेख वाचला गेला. रात्री त्या तरुणाने तो काढून टाकला, पण तोवर त्याचे स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या फोनवर पोहोचले होते. नाव बदलल्याने ओळख लपत नाही, आणि काढून टाकल्याने मजकूर परत येत नाही. इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था तर १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवत आहे.

असे लेखन मी लेखकाला मोठ्याने वाचायला सांगते. वाचताना आवाज अडखळत असेल तर ते अजून प्रसिद्ध करण्याजोगे झालेले नाही. त्यानंतर ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला ते दाखवावे. दाखवणे शक्य नसेल तर ओळख पटवणारे तपशील काढावेत, आणि ते काढल्यावर लेख निर्जीव होत असेल तर तो तूर्त खणात ठेवावा. "खरे लिहायचे तर किंमत मोजावीच लागते" असे मला वारंवार ऐकवले जाते, पण ती किंमत बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी मोजत असतो.

चोरी होईल या भीतीने चित्राच्या मधोमध भलीमोठी सही करू नये, त्याने चोर थांबतो की नाही कोण जाणे, चित्र मात्र नक्की बिघडते. स्वामित्वहक्कांविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांमध्ये कलाकृती निर्माण होताच, नोंदणी न करताही कर्त्याला स्वामित्वहक्क मिळतो. तो सिद्ध करण्यासाठी कच्ची रेखाटने आणि तारखेसह मूळ फाइली जपून ठेवाव्यात. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, छपाईला ३००० पिक्सेलची बाजू दहा इंचांना पुरते, म्हणून चोराला मोठी छपाई करता येऊ नये यासाठी मी जाहीर करायच्या चित्राची लांब बाजू १२०० पिक्सेलच्या आसपासच ठेवायला सांगते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे काढले याची नोंद असू शकते. काही ठिकाणी ती आपोआप काढली जाते, काही ठिकाणी नाही, तेव्हा आपणच आधी काढावी. आपली कलाकृती ठरावीक अटींवर इतरांना मोफत वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना समजून घेतल्याशिवाय देऊ नये, कारण एकदा दिलेला हक्क मागे घेता येत नाही. अनेक नियतकालिके आंतरजालावर आलेली कविता पूर्वप्रकाशित मानतात, तेव्हा जी तिकडे पाठवायची आहे ती इकडे टाकू नये. कवितेच्या ओळी चिकटवताना मोडतात, त्या फोनवर एकदा पाहाव्यात. हे एवढेसुद्धा न करणारे पुष्कळ आहेत.

"तू माझे वाखाण, मी तुझे वाखाणतो" अशा मंडळींपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. तेथे कोणी काही वाचत नाही आणि वर्षभराने आपल्यालाही आपले वाचता येईनासे होते.

राहिली अर्ध्या तासात प्रतिसाद आला नाही म्हणून चित्र काढून टाकण्याची सवय. सकाळी पाहिलेले चित्र रात्री निवांतपणे पाहू असे ठरवणारे प्रेक्षक पुष्कळ असतात आणि त्यांना रात्री ते सापडत नाही. प्रसिद्ध केले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पुढचे काम हाती घ्यावे, आणि २४ तास चित्राला हात लावू नये. अपवाद एकच: त्यात दुसऱ्या कोणाचा खासगी तपशील अनवधानाने गेला असेल, तर ते त्याच क्षणी काढावे आणि त्या व्यक्तीला फोन करावा.