रोबोटच्या कॅमेऱ्याचा कोड लिहिताना या चुका टाळा

नोड (रोबोटच्या सॉफ्टवेअरमधला एक स्वतंत्र प्रोग्रॅम) सुरू झाला, टर्मिनलवर एकही एरर नाही, तरी रोबोट भलतीकडेच वळतो. अशा वेळी बहुतेक जण थेट अल्गोरिदमला हात घालतात. थ्रेशोल्ड बदलतात, मॉडेल बदलतात आणि त्यात दिवस घालवतात. रॉस २ (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर चौकट, ROS 2) मध्ये दोष बऱ्याचदा त्याच्या आधी, नोड एकमेकांना पाठवतात त्या मेसेजमध्येच असतो. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा: फ्रेम पोहोचते का, पोहोचते तेव्हा ती किती जुनी असते आणि तिच्यात नेमकं काय असतं.

फ्रेम येतच नाही

टॉपिकच्या, म्हणजे मेसेज जातात त्या वाहिन्यांच्या, यादीत नाव दिसतं, पण कॉलबॅक (मेसेज आल्यावर चालणारं फंक्शन) चालत नाही. अनेक कॅमेरा ड्रायव्हर ‘बेस्ट एफर्ट’वर (पोहोचलं तर पोहोचलं) पब्लिश करतात आणि सबस्क्रायबरचा, म्हणजे मेसेज घेणाऱ्याचा, डीफॉल्ट ‘रिलायबल’ (मेसेज पोहोचायलाच हवा) असतो. ही जोडी जुळत नाही. क्यूओएस (मेसेज पोहोचवण्याचे हे नियम) जुळत नसल्याची वॉर्निंग येते, पण लॉगच्या गर्दीत ती नजरेतून सुटते. त्यात रॉस २ च्या हंबल आणि नंतरच्या आवृत्त्यांत एको कमांड (टॉपिकवरचा डेटा टर्मिनलवर दाखवणारी) पब्लिशरचा क्यूओएस पाहून स्वतः जुळवून घेते. त्यामुळे एकोमध्ये डेटा दिसतो आणि तुमच्या नोडमध्ये मात्र शुकशुकाट. टॉपिक इन्फो कमांड व्हर्बोज पर्यायासह चालवून दोन्ही बाजूंचा क्यूओएस बघा आणि सबस्क्रायबरला सेन्सर डेटाचं प्रोफाइल द्या.

फ्रेम येते, पण शिळी

सगळ्यात जास्त त्रास ही चूक देते, कारण स्क्रीनवर चित्र अगदी व्यवस्थित दिसत असतं. समजा, कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, म्हणजे दर ३३ मिलीसेकंदांना एक. तुमच्या कॉलबॅकला एका फ्रेमसाठी १०० मिलीसेकंद लागतात. रांगेची खोली (न वाचलेल्या किती फ्रेम साठवायच्या) १० ठेवली असेल तर रांग लगेच भरते आणि हातात येणारी फ्रेम सुमारे एक तृतीयांश सेकंद जुनी असते. सेकंदाला एक मीटर जाणारा रोबोट तोवर ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. अडथळा दिसला तेव्हा आपण त्याच्यापासून किती लांब होतो, यावर तो आत्ताचा निर्णय घेतो.

खोली १ करा. कॉलबॅकमध्ये फक्त शेवटची फ्रेम जपून ठेवा आणि जड काम वेगळ्या टायमरमध्ये करा. इथे आणखी एक खड्डा आहे. नुसता मल्टीथ्रेडेड एक्झिक्युटर (अनेक थ्रेडवर कॉलबॅक चालवणारा) लावून काहीच बदलत नाही, कारण नोडचा डीफॉल्ट कॉलबॅक ग्रुप एका वेळी एकच कॉलबॅक चालू देतो. टायमरला स्वतःचा ग्रुप द्यावाच लागतो.

कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून रॉस १ वर चालणारे रोबोट असतील, तर रॉसपायमध्ये (रॉस १ ची पायथन लायब्ररी) क्यू साइज, म्हणजे रांगेची खोली, १ पुरत नाही. तिथला बफर (येणारा डेटा साठवायची जागा) डीफॉल्टने ६५,५३६ बाइटचा, आणि ६४० बाय ४८० ची रंगीत फ्रेम ९,२१,६०० बाइटची. जुन्या फ्रेम सॉकेटमध्येच तुंबतात. बफ साइज, म्हणजे या बफरचं माप, फ्रेमपेक्षा बराच मोठा ठेवा.

टाइमस्टॅम्प नव्याने मारू नका

निकाल पब्लिश करताना ‘आत्ताची वेळ’ घालण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. मूळ इमेजचा हेडर (यातच फ्रेमचा टाइमस्टॅम्प असतो) जसाच्या तसा पुढे द्या. रोबोट सेकंदाला ६० अंशांनी वळत असेल आणि प्रोसेसिंगला ०.२ सेकंद लागत असतील, तर टीएफ (कोणत्या वेळी रोबोट कुठे होता हे सांगणारी लायब्ररी) १२ अंश पुढची स्थिती वापरेल. दोन मीटरवरची वस्तू नकाशावर ४० सेंटिमीटरहून जास्त सरकते. लोक मग कॅलिब्रेशनला दोष देत बसतात. रोबोट थांबल्यावर चूक नाहीशी होत असेल, तर आधी स्टॅम्प तपासा.

रंगीत आणि डेप्थ (अंतर दाखवणाऱ्या) फ्रेमची जोडी लावताना दोन्हींचे स्टॅम्प तंतोतंत सारखे नसतील, तर एक्झॅक्ट सिंक्रोनायझर गप्प बसतो. अॅप्रॉक्सिमेट वापरा आणि स्लॉप (स्टॅम्पमध्ये किती फरक चालेल) विचार करून ठरवा.

रंग आणि एकक

ओपनसीव्ही (इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी) रंग बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने धरतं, ड्रायव्हर बरेचदा आरजीबी८ (लाल-हिरवा-निळा) पाठवतो. रॉसची इमेज ओपनसीव्हीसाठी बदलणाऱ्या सीव्ही ब्रिजला पासथ्रू (आहे तसं द्या) सांगितलं तर अदलाबदल होत नाही. ओळखायची खूण सोपी: लाल चेंडूचा ह्यू (ओपनसीव्हीत रंगाची छटा सांगणारा ० ते १७९ मधला आकडा) शून्याच्या किंवा १७९ च्या जवळ हवा. तो १२० च्या आसपास आला तर लाल-निळा उलटलेत. बीजीआर८ स्पष्ट मागा.

डेप्थचंही तसंच. १६यूसी१ (पूर्णांक) फॉरमॅटमध्ये अंतर मिलिमीटरमध्ये असतं, ३२एफसी१ (दशांश) मध्ये मीटरमध्ये. शिवाय १६यूसी१ मधला शून्य म्हणजे ‘मोजमाप मिळालं नाही’, ‘अडथळा नाकासमोर’ नव्हे. सरासरी काढण्याआधी ते शून्य गाळा.

वायफायवर कच्ची इमेज

१९२० बाय १०८० ची रंगीत फ्रेम ६२ लाख बाइटच्या पुढे जाते. सेकंदाला ३० म्हटलं तर जवळपास १८७ मेगाबाइट. एवढं वायफायवरून निभत नाही, पॅकेटचे तुकडे हरवतात आणि अख्खी फ्रेम वाया जाते. रोबोटवर प्रोसेसिंग करून फक्त निकाल पाठवा. लॅपटॉपवर बघायचंच असेल तर रॉसच्या इमेज ट्रान्सपोर्ट पॅकेजचा कॉम्प्रेस्ड टॉपिक घ्या. फ्रेम लहान करत असाल तर कॅमेरा इन्फो मेसेजमधली (यात कॅमेऱ्याची मापं असतात) फोकल लेंग्थ आणि केंद्रबिंदूही त्याच प्रमाणात बदला.