‘डोन्ट अफ्रेड’ म्हणणं थांबवा : एका शब्दाच्या या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला संध्याकाळी मी इंग्रजी बोलायचा वर्ग घेतो. येणारी बहुतेक पोरं हॉटेलात लागायची किंवा बोटीवर जायची घाई असलेली. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं, “सर, तीन महिन्यांत येईल ना?” मी हल्ली उत्तर देत नाही, फळ्यावर ‘अफ्रेड’ लिहितो आणि याचं एक वाक्य करा म्हणतो. वीसजणांत पंधराजण तरी पडतात, तेही दरवेळी त्याच खड्ड्यांत.

दोष त्यांचा एकट्यांचा नाही. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी, आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. त्या धांदलीत प्रत्येक शब्दाला एक अर्थ चिकटवून पुढे पळायची सवय लागते. वहीत ‘अफ्रेड म्हणजे घाबरणे’ अशी ओळ पडली की ती खोडायला मला वर्ष लागतं.

मुळात ‘घाबरणे’ हे क्रियापद आहे आणि अफ्रेड नाही. म्हणून ‘आय अफ्रेड’, ‘ही अफ्रेड्स’, ‘डिड यू अफ्रेड?’ हे सगळं चूक, आणि ‘डोन्ट अफ्रेड’ तर मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा ‘बी, बी, डोन्ट बी अफ्रेड’ असं पुटपुटत असेन. हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेल्या ‘अफ्रे’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. म्हणजे मराठीत ‘भेदरलेला’ म्हणतो तसं. ‘मी भेदरलेला’ एवढ्यावर मराठीत भागतं, इंग्रजीत ‘ॲम’, ‘वॉज’ जोडल्याशिवाय भागत नाही. ते मूळ क्रियापद आता कोणी वापरत नाही, पण त्याच घरातलं ‘अफ्रे’ हे नाम कायद्यात अजून जिवंत आहे : दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडणं. भारतीय दंड संहितेत ते कलम 159 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 194. एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे सर, मारामारी बघून जो घाबरला तो अफ्रेड.” अगदी तसं नाही, पण त्याला नंतर कधी ‘आय अफ्रेड’ म्हणताना ऐकलं नाही, म्हणून मी दुरुस्त केलं नाही.

माझी स्वतःची सवय अशी : शंका आली की अफ्रेड काढायचं आणि तिथे ‘अस्लीप’ ठेवून बघायचं. ‘आय अस्लीप’ कानाला खटकतं, मग ‘आय अफ्रेड’ही चूक. ‘डोन्ट अस्लीप’ म्हणाल का? याच चाळणीत दुसरी चूकही अडकते. ‘ॲन अस्लीप बॉय’ होत नाही, तसंच ‘ॲन अफ्रेड बॉय’ही होत नाही. नामाच्या आधी बसवायचा असेल तर ‘फ्रायटन्ड’ किंवा ‘स्केअर्ड’ घ्या. ‘हॅपी’ ठेवून बघा असं सांगणारे मास्तर आहेत, पण ‘हॅपी बॉय’ चालतं, त्यामुळे ती चाळणी फाटकी.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती पोराच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

माझा एक विद्यार्थी कळंगुट भागातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागणार होता. रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर स्कूटरपाशी गाठून म्हणाला, “सर, पाहुण्यांशी नरमाईने बोलायला एखादी सोपी युक्ती द्या ना.” मला घरी जायची घाई होती. मी म्हटलं, “वाक्याआधी ‘आय ॲम अफ्रेड’ लाव. साहेबलोक खूष.” आणि पळालो.

पोरगा आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर इंग्रज जोडपं आलं. हा हसून म्हणाला, “आय ॲम अफ्रेड युअर रूम इज फेसिंग द सी.” बाईंचा चेहरा पडला, समुद्राकडे काय गोंगाट असतो का, म्हणून विचारू लागल्या. मग “आय ॲम अफ्रेड ब्रेकफास्ट इज फ्री.” आजोबांनी विचारलं, नाश्त्यात काय बिघडलंय? शेवटी “आय ॲम अफ्रेड द मॅनेजर इज कमिंग टू वेलकम यू.” मॅनेजर आला तेव्हा ते दोघे बॅगा उचलायच्या बेतात होते. रविवारी पोरगा हे सगळं वर्गात रंगवून सांगत होता, बाकीचे लोळत होते, आणि मी खडू शोधत होतो.

सौजन्य हा त्या शब्दप्रयोगाचा निम्माच भाग आहे. पुढे येणारी गोष्ट ऐकणाऱ्याला नको असलेली असेल तेव्हाच तो लावायचा. खोली तयार नाही, कार्ड चालत नाही, टॅक्सी उशिरा येईल. भीतीचा इथे काही संबंध नाही. मराठीत हे काम आपण वाक्याच्या शेवटी एक ओढलेला, खंतावलेला ‘हो’ लावून करतो : “खोली अजून तयार नाही हो.” आता तसाच सूर लावून म्हणून बघा, “नाश्ता फुकट आहे हो.” जिथे हा ‘हो’ बसत नाही तिथे ‘आय ॲम अफ्रेड’ बसत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मिळणार नाही, पण त्या दिवसापासून मी एवढंच शिकवतो, आणि स्कूटरपाशी कोणाला युक्त्या देत नाही.

याचीच उलटी बाजू. पाहुणा म्हणतो, “आय ॲम अफ्रेड द टॅप इज लीकिंग,” आणि आमचा माणूस छाती पुढे काढून “डोन्ट अफ्रेड सर, आय ॲम हिअर.” पाहुणा घाबरलेला नाही हो, तक्रार करतोय. प्लंबर पाठवा. आणि ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ म्हणजे ‘मी घाबरत नाही’ असं तर नव्हेच. जूनमध्ये शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळ, उतरवल्यावर तिथे कोणी विचारलं की शॅक उघडा आहे का, तर उत्तर ‘आय ॲम अफ्रेड नॉट’, म्हणजे ‘नाही हो’. मी ‘आय ॲम नॉट अफ्रेड’ असं उत्तर ऐकलेलं आहे, ऐन पावसात, लाटा आपटत असताना. वीर पुरुष. ‘आय ॲम अफ्रेड सो’ म्हणजे ‘हो, तसंच आहे, काय करणार’.

दुसरा मोठा खड्डा पुढे येणाऱ्या ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’चा. वाळपईच्या पलीकडे राहणारी माझी एक मावसबहीण आहे. पोराला शाळेतून येताना व्हाळ ओलांडावा लागतो. जुलैत पाणी चढलं तेव्हा तिने डायरीत स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं, ‘आय ॲम अफ्रेड ऑफ माय सन. प्लीज सेंड हिम अर्ली.’ दोन दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, “घरी हात उगारतो का तो?” पोरगा सहावीत, वाऱ्याने उडेल असा. ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. “दादा, यात चूक काय? मला पोराची भीती वाटते, एवढंच लिहिलं.”

चूक मराठीतच लपलेली. ‘पोराची भीती वाटते’ म्हटलं की आपण आवाजावरून ओळखतो, पोर मारकुटं आहे की पोराच्या जिवाची धास्ती आहे. इंग्रजीत दोन रस्ते वेगळे आहेत. ज्याच्यापासून धोका तो ‘ऑफ’नंतर, ज्याला धोका तो ‘फॉर’नंतर. व्हाळ ‘ऑफ’मध्ये, पोर ‘फॉर’मध्ये. ‘आय ॲम अफ्रेड फॉर माय सन’ लिहिलं असतं तर पाणी प्यायला तिला शाळेत जावं लागलं नसतं.

‘टू’चं वेगळं. चोडणच्या फेरीबोटीवर पावसाळ्यात स्कूटर चढवताना आठवा. घसरू, ही भीती आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची : ‘अफ्रेड ऑफ स्लिपिंग’. म्हणून स्कूटर पुढे घ्यायला मन धजत नाही, ते आपल्या हातातलं : ‘अफ्रेड टू राइड ऑन’. ‘अफ्रेड टू स्लिप’ म्हटलंत तर जणू घसरायचं ठरवून आलात आणि आता धीर होत नाही. मी मुलांना दोन्ही एकाच वाक्यात लिहायला लावतो, रोज एक, आठवडाभर. कंटाळतात. कंटाळू देत.

किरकोळ माल भराभर. ‘अफ्रेड फ्रॉम’ हे हिंदीतल्या ‘से’चं भूत, टाका. ‘अफ्रेड बाय’ही नाही. ‘अफ्रेडर’ नाही, ‘मोअर अफ्रेड’. उच्चार ‘ॲफ्रेड’ करू नका, सुरुवातीचा अ ‘अजून’मधल्यासारखा हलका आणि जोर ‘फ्रेड’वर. नाहीतर गोव्यात आल्फ्रेड नावाचा कोणीतरी मागे वळून बघेल. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा बघून पोर म्हणतं, ‘आय ॲम स्केअरी’. स्केअरी नरकासुर, पोर स्केअर्ड.

आणि अचानक दचकलात तर अफ्रेड वापरूच नका. अफ्रेड म्हणजे आत टिकून असलेली अवस्था. ‘मांजर अंगावर उडी मारून आलं आणि मी घाबरलो’ यातला ‘घाबरलो’ हा एका क्षणाचा प्रकार, त्याला ‘गॉट स्केअर्ड’ किंवा ‘वॉज स्टार्टल्ड’. वडिलांच्या धाकाचं काय, हेही हमखास विचारतात. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ माय फादर’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला मारझोड दिसते, आणि आपल्याला म्हणायचं असतं की बाबा घरात आले की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो. मी त्यांना तेच वाक्य, टीव्हीसकट, इंग्रजीत सांगायला लावतो.