घरच्या मंडळींची वार्षिक पाच किलोमीटर शर्यत: आखणी आणि वेळनोंद

दरवर्षीच्या शर्यतीची खरी गंमत मागच्या वर्षीच्या स्वतःच्या वेळेशी तुलना करण्यात आहे. ती तुलना खरी ठरायची तर मार्ग तोच हवा आणि नीट मोजलेला हवा. म्हणून आधी मोजणी, मग बाकी सगळं.

मोबाइलच्या जीपीएसवर अंतर ठरवू नका. झाडांखाली आणि उंच इमारतींजवळ त्याची रेघ इकडेतिकडे सरकते. एकाच्या घड्याळात ४.९ किमी, दुसऱ्याच्या ५.१ आणि शर्यतीनंतर वाद. सायकलचं चाक त्याहून भरवशाचं. सपाट सरळ रस्त्यावर टेपने १०० मीटर मोजा, पुढच्या टायरवर खडूची खूण करा आणि सायकल हातात धरून ढकलत चाकाचे फेरे मोजा. समजा ४७.६ फेरे आले, म्हणजे एक फेरा २.१० मीटर. अडीच किमी जाऊन परत यायचा मार्ग असेल तर मोजणी निम्म्यावर येते: सुमारे ११९२ फेरे. यात हजारात एक मीटर जादा धरला आहे, कारण मार्ग किंचित लांब चालतो, आखूड चालत नाही. ढकलणारा आणि मोजणारा वेगळा ठेवा. प्रत्येक शंभर फेऱ्यांना कागदावर एक रेघ. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरूनच न्या, धावणारे तिथूनच जातात. मोजणी आणि शर्यत यांच्यामध्ये टायरमध्ये हवा भरली तरी बिघडत नाही, पण १०० मीटर आणि मुख्य मोजणी यांच्यामध्ये भरली तर आकडा गेला. परतीची जागा खांब किंवा दगड अशा न हलणाऱ्या वस्तूच्या संदर्भाने वहीत लिहून ठेवा.

आजोबा, शाळकरी मुलं आणि रोज धावणारा भाचा एकत्र धावणार असतील तर मागेपुढे सोडणं उत्तम. सर्वांत संथ व्यक्तीचा अपेक्षित वेळ ४२ मिनिटं असेल तर ती शून्यावर निघते, ३० मिनिटंवाला १२ व्या मिनिटाला, २४ वाला १८ व्या मिनिटाला. अंदाज बरोबर असतील तर सगळे शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एकत्र येतात आणि जिंकतो तो, जो सर्वांत जास्त सुधारला. नवख्यांकडून आठवडाभर आधी दोन किमी धावून घ्या, त्या वेळेची अडीचपट करून दीड-दोन मिनिटं वाढवा. मुद्दाम हळू धावून फायदा घेणारेही असतात, म्हणून पहिल्या वर्षी नवख्याला या बक्षिसात धरू नये. अगदी लहान मुलांना एक किमीची वेगळी फेरी द्या.

घोटाळा होतो तो अंतिम रेषेवर. तिघे-चौघे एकदम आले की वेळ आणि क्रमांक एका घराने सरकतात आणि पुढची सगळी यादी चुकते. एकाने फक्त वेळा टिपायच्या, दुसऱ्याने फक्त छातीवरचे क्रमांक. दर पाचव्या माणसाचा क्रमांक वेळ टिपणाऱ्यानेही लिहायचा. मग चूक पाचांच्या आतच सापडते. रेषेपलीकडे दोरीची अरुंद वाट ठेवा, म्हणजे आलेले क्रमाने उभे राहतात. दोन स्टॉपवॉच एकदम सुरू करा, मोबाइल असेल तर विमान मोडवर, नाहीतर ऐन वेळी फोन येतो. मागेपुढे सोडलं असेल तर घड्याळातून निघायची मिनिटं वजा करायला विसरू नका.

वळणाआधी एक बाण आणि वळल्यावर दुसरा, फक्कीने. पाऊस आला तर फक्की वाहून जाते, म्हणून परतीच्या जागी माणूस हवाच. सर्वांत शेवटी चालणारा एक जण ठेवा. तो आल्याशिवाय शर्यत संपली म्हणू नका. वाहनांच्या रस्त्यावरून मार्ग जात असेल तर परवानगी आधी काढा. सूर्य वर यायच्या आत संपेल अशी वेळ निवडा. कुणी उन्हाने भेलकांडला, असंबद्ध बोलू लागला तर सावलीत आडवं करून अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा.

निकाल त्याच दिवशी वहीत उतरवा: नाव, निघाल्याची वेळ, निव्वळ वेळ, हवामान. पुढच्या वर्षी कुणाला किती मिनिटं उशिरा सोडायचं ते याच पानावरून निघतं.