ॲसिड सांडलं की बादली घेऊन धावू नका: गाळ्यातल्या या चुका टाळा

पुण्याजवळ भोसरीत आमचा छोटा गाळा आहे, प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट कायम बघतोय, काहीही सांडलं की पोरांचा हात आधी पाण्याच्या पाइपवर जातो. गटारात ढकलायचं, वरून खराटा मारायचा, शेठ यायच्या आत फरशी साफ.

मागच्या उन्हाळ्यात एचसीएलचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, ३५ लिटरचा कॅन टेम्पोतून उतरवताना आडवा झाला. खाली शहाबादी फरशी, म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यामुळे ॲसिड पडल्या पडल्या ती फसफसायला लागली, वाफांनी घसा धरला, आणि तेवढ्यात एकाने वर दोन बादल्या ओतल्या. दाराशी होतं ते तळं अख्ख्या गाळ्यात पसरलं आणि बाहेरच्या गटाराच्या चेंबरमध्ये गेलं. तीव्र सल्फ्युरिक असतं तर याहून वाईट, ते पाणी पडलं की जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं, म्हणून तर पातळ करताना पण ॲसिड पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

आता आम्ही काय करतो, तर आधी माणसं बाहेर, शटर पूर्ण वर. मग चेंबरच्या तोंडाशी वाळूची पोती, ती भरूनच ठेवलेली असतात, ऐनवेळी वाळू कुठून आणणार. हातमोजे, गमबूट, गॉगल आणि ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क घातलेल्यानेच पुढे जायचं, तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून वाफ अडत नाही राव. वाळूचा बांध घालून सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, कडेकडेने आत टाकत यायचं. फसफस थांबली म्हणजे झालं असं नाही, ॲसिड किती उरलंय ते दाखवणारा पीएच पेपर लावा, ६ ते ८ च्या मधे दाखवला की मग प्लॅस्टिकच्या फावड्याने ड्रममध्ये. सोडा ॲशऐवजी कॉस्टिक सोडा टाकणारे शहाणे पण भेटलेत, त्याने एवढी उष्णता होते की परत वाफाच. कळीचा चुना पण नको, तो पाणी लागलं की स्वतःच तापतो.

नायट्रिकवर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकू नका, तेलावर चालतो तो भुसा इथे पेट घेऊ शकतो. तपकिरी धूर दिसला की लांब पळा, आणि ज्याने तो ओढला त्याला थोड्या वेळाने बरं वाटलं तरी घरी पाठवू नका, फुफ्फुसात पाणी व्हायला काही तासांनी सुरुवात होऊ शकते. सायनाइडचं बाथ असेल तर त्याची नाली ॲसिडच्या नालीला कुठेच मिळता कामा नये, दोन्ही मिळाले की सुटणारा सायनाइडचा गॅस पळायला वेळ देत नाही. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि ॲसिड एकाच रॅकवर ठेवणारे पण आहेत, सांडून एकत्र आलं की क्लोरीन.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पाण्याच्या बाटलीतल्या थिनरचा. आमच्याकडे नाइटच्या पोराने घोट घेतला होता. लगेच कोणीतरी मिठाचं पाणी पाजायला निघालं, उलटी करायला, आणि तीच मोठी चूक, उलटीबरोबर थिनर फुफ्फुसात जातो. काही पाजू नका, थेट दवाखाना, आणि थिनरच्या डब्यावरचं लेबल किंवा एसडीएस (मालाबरोबर येणारं सुरक्षा माहितीपत्रक) सोबत न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. एसडीएसमध्ये १६ भाग असतात, सांडलं तर भाग ६, प्रथमोपचार भाग ४, एवढी दोन पानं तरी मराठीत करून भिंतीवर लावा, ऑफिसातल्या फाइलमध्ये ती कोण बघतंय.

राहिला कचरा. ती भिजलेली वाळू, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा) गाळ, रिकामे कॅन, सगळं घातक कचऱ्यातच मोजतात. रिकामा ड्रम भंगारात दिला की २ पैसे सुटतात खरे, पण थिनरच्या 'रिकाम्या' ड्रममध्ये वाफ शिल्लक असते आणि भंगारवाला त्यावर गॅस कटर लावतो, पुढचं सांगायला नको. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा माल साधारण ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, ड्रमवर फॉर्म ८ चं लेबल, गाडीबरोबर फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा कागद), आणि आपल्याकडचा माल रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट सुविधेत जातो. छोट्या गाळेवाल्यांना हे जड जातं, मान्य, पण गटारात सोडलेलं फिरून पवना नाहीतर इंद्रायणीतच येतं.

एक बारीक गोष्ट, डोळ्यात उडालं तर किमान १५ मिनिटं पाण्याखाली डोळा धरायचा असतो, सगळ्यांना पाठ आहे. आमचं आयवॉश (डोळे धुवायचा नळ) पत्र्यावरच्या काळ्या टाकीला जोडलेलं होतं. एप्रिलमध्ये दुपारी २ वाजता सहज चाचणी म्हणून हात धरला तर चटका बसला, तो १५ मिनिटं काय १५ सेकंद पण ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी ते जोडणं बदललं, आता खालच्या टाकीवरून येतं. तुमच्याकडे पण भर दुपारी एकदा हात धरून बघा.